'मला लागलं' इंग्रजीत कसं सांगायचं: हर्ट, इंजर्ड, वूंडेड आणि बाकीची मंडळी

ओल्या जिन्यावरून मी सात पायऱ्या घसरत खाली आले, तेव्हा आसपास मराठी कळणारं कुणी नव्हतं. गुडघा सोलवटलेला, मनगट बघता बघता सुजत चाललेलं आणि दुसऱ्या हातात फोन. मदतीचा क्रमांक लावला आणि शाळेत पाठ केलेल्या शब्दांमधला सगळ्यात भारदस्त शब्द निवडून सांगितलं, 'आय ॲम वाउंडेड.' पलीकडच्या बाईंना आधी काही कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. क्षणभर शांतता. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. हल्लेखोर अजून तिथेच आहे का, असं त्या हळू आवाजात विचारत होत्या.

हल्लेखोर म्हणजे पायरीवरचं पाणी. ते तिथेच होतं.

एका शब्दात मी दोन घोळ घातले होते, उच्चाराचा आणि अर्थाचा. त्यानंतर हाडाच्या डॉक्टरांकडे, फिजिओथेरपीला आणि विम्याच्या अर्जात तीच हकिकत इतक्यांदा इंग्रजीत सांगावी लागली की हे शब्द नीट लावून घेण्याला पर्याय उरला नाही. आपली पंचाईत का होते ते तेव्हा उमगलं. मराठीत एकटं 'लागणं' केवढं काम करतं बघा: पडलं की लागतं, नवा बूट लागतो, एखाद्याचं बोलणं लागतं. इंग्रजी मात्र प्रत्येक वेळी चौकशी करते. कशाने लागलं, किती लागलं, कातडी फाटली का, की नुसतं मनाला लागलं? ही चौकशी आपणच आधी उरकून ठेवली की शब्द सापडायला वेळ लागत नाही.

काय जवळ ठेवाल

- उच्चार ऐकवणारा, शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. फोनवरचा चालेल. इंग्रजी-मराठी कोश या कामाला अपुरा पडतो, कारण तो हर्ट, इंजर्ड आणि वूंडेड या तिघांसमोर 'जखमी' लिहून मोकळा होतो.
- मानवी शरीराचं एक साधं चित्र. मनगट, घोटा, पोटरी, नडगी, बरगडी, खुबा यांची इंग्रजी नावं त्यावर स्वतःच्या हाताने लिहा. 'हँड' आणि 'आर्म', 'फूट' आणि 'लेग' यांत आपण हमखास गडबड करतो. मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच असतो, इंग्रजीत मनगटाच्या खाली 'हँड' आणि वर 'आर्म'.
- छोटी वही. शब्द सुटा लिहू नका, अख्खं वाक्य लिहा.

१. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा

पहिला: कशाने झालं? अपघाताने, की कुणी शस्त्राने वार केला म्हणून?

दुसरा: कातडी फाटली का? रक्त आलं, की नुसता मुका मार आहे?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच सुटतो. तुम्ही वेदनेबद्दल बोलताय की शरीराच्या नुकसानीबद्दल? दोन्ही एकच वाटतात, पण नाहीत. थर्ड-डिग्री बर्न म्हणजे कातडीच्या सगळ्या थरांतून आरपार भाजणं. त्यात मज्जातंतूंची टोकंच जळून गेलेली असल्यामुळे त्या जागी कित्येकदा दुखतच नाही. इंजुरी भयंकर, पण हर्ट होत नाही. उलट कागदाच्या कडेने बोट कापलं की जीव कळवळतो, आणि त्याला इंजुरी म्हटलं तर लोक हसतील.

२. तीन मुख्य शब्दांची कामं वाटून घ्या

हर्ट हा 'लागणं'चा सख्खा भाऊ. जुन्या फ्रेंचमधल्या 'धडकणं, आपटणं' अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो इंग्रजीत आला. शरीराला चालतो, मनाला चालतो, लहान मार असो की मोठा, चालतो. कोणता शब्द वापरावा सुचत नसेल तेव्हा हर्ट वापरा, फारसं चुकणार नाही. याची तिन्ही रूपं एकच आहेत: हर्ट, हर्ट, हर्ट. 'हर्टेड' असा शब्द नाही. हे वाचून मान डोलवाल आणि घाईत तरी तोंडातून तोच निघेल, म्हणून आत्ताच पाच वेळा मोठ्याने म्हणा: 'आय हर्ट माय बॅक येस्टरडे.'

इंजर्ड म्हणजे शरीराचा एखादा भाग कामातून जाईल किंवा उपचार लागतील असं काही. बहुतेक वेळा अपघातात, खेळताना किंवा काम करताना. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र 'अन्याय' असा होता. कायद्याच्या इंग्रजीत 'द इंजर्ड पार्टी' म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो पक्ष, मग त्याच्या अंगावर साधा ओरखडा का नसेना.

वूंडेड म्हणजे शस्त्राने, गोळीने किंवा स्फोटात जखमी झालेला. युद्ध, हल्ला, दंगल ही त्याची क्षेत्रं. आपल्या बातम्यांत 'अपघातात १२ जखमी' आणि 'गोळीबारात १२ जखमी' ही दोन्ही वाक्यं सारखीच असतात. इंग्रजी बातमीदार पहिल्यात 'इंजर्ड' लिहील, दुसऱ्यात 'वूंडेड'. लष्करात तर हा फरक पदकापर्यंत पोचतो: अमेरिकेचं 'पर्पल हार्ट' शत्रूच्या कारवाईत वूंडेड झालेल्यांना किंवा मारल्या गेलेल्यांना मिळतं, छावणीत जिना उतरताना पाय घसरलेल्याला नाही. म्हणजे माझ्यासारख्यांना नाहीच.

नाम म्हणून 'वूंड' थोडं सैल आहे. शस्त्रक्रियेच्या टाक्यांची जागाही वूंडच, आणि नर्स 'कीप द वूंड ड्राय' म्हणते तेव्हा तुमच्यावर कुणी वार केला असं तिला म्हणायचं नसतं. जखम वूंड असू शकते, पण ती झालेला माणूस त्यामुळे वूंडेड ठरत नाही. हे तर्कात बसवायला जाऊ नका, लक्षात ठेवा.

सापळा. उच्चार 'वूंड', 'वाउंड' नाही. 'वाउंड' म्हणजे 'वाइंड' या क्रियापदाचा भूतकाळ: घड्याळाला किल्ली दिली, दोरी गुंडाळली. स्पेलिंग अगदी तेच. म्हणजे मी त्या बाईंना सांगत होते की मला किल्ली दिलेली आहे.

आणखी दोन शब्द पटकन. हार्म म्हणजे अपाय, झालेला किंवा होऊ शकणारा. 'नो हार्म डन' म्हणजे काही बिघडलं नाही. डॅमेज वस्तूंसाठी: गाडी डॅमेज्ड, चालक इंजर्ड. मात्र अवयवांना डॅमेज चालतं, मेंदू, यकृत, मज्जातंतू वगैरे. आणि अनेकवचनी 'डॅमेजेस' दिसलं तर ते नुकसान नव्हे, भरपाईची रक्कम.

३. वाक्याचा कर्ता बदला

शब्द बरोबर येऊनही वाक्य फसतं ते इथे. 'मला लागलं', 'माझा हात मोडला', 'पाय मुरगळला' या वाक्यांत मी काही केलेलं नाही, जे झालं ते आपोआप झालं. इंग्रजीत मात्र सरळ 'मी' पुढे येतो: 'आय ब्रोक माय आर्म', 'आय ट्विस्टेड माय अँकल', 'आय कट माय फिंगर', 'आय बर्न्ट माय टंग'. आपल्या कानाला हे 'मी माझाच हात मोडून घेतला' असं ऐकू येतं, म्हणून आपण बिचकतो आणि 'माय हँड गॉट ब्रोकन' असलं काहीतरी रचतो. बिचकू नका. या वाक्यांतला 'मी' आरोपी नसतो, अवयवाचा मालक असतो.

दुखण्याच्या वेळी मात्र अवयवच कर्ता होतो: 'माय नी हर्ट्स.' किंवा दुखणं तुमच्याकडे 'असतं': 'आय हॅव अ पेन इन माय नी.' आता आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेलं 'माय लेग इज पेनिंग'. आपल्या आपल्यात ते चालून जातं, बाहेर ते विचित्र वाटतं. 'पेन' हे नाम म्हणून वापरा. क्रियापद म्हणून ते फक्त 'इट पेन्स मी टु से' अशा जड, मनाशी संबंधित वाक्यांत येतं. 'पेनिंग'च्या जागी 'हर्टिंग' टाकलं की काम झालं.

प्रश्नांचंही बघा. 'आर यू हर्ट?' म्हणजे तुला लागलं का. 'डज इट हर्ट?' म्हणजे दुखतंय का. 'डिड आय हर्ट यू?' म्हणजे माझ्यामुळे लागलं का. आणि डॉक्टरचा पहिला प्रश्न, 'व्हेअर डज इट हर्ट?', याचं उत्तर पाठ केलेल्या वाक्याने नव्हे, बोट ठेवून द्यायचं.

नवा बूट चावत असेल तर 'माय शूज आर हर्टिंग मी' किंवा 'दे पिंच'. इंग्रजीत बूट चावत नाहीत, चिमटा काढतात.

४. दुखापतीला तिच्या नावाने हाक मारा

'आय ॲम इंजर्ड' एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही. पुढचा प्रश्न येतोच. इथे मराठी आपल्याला चांगलीच मदत करते, कारण आपल्याकडे प्रत्येक प्रकाराला नेमका शब्द आहे. फक्त जोडी जुळवायची.

खरचटलं, सोलवटलं म्हणजे ग्रेझ किंवा स्क्रेप. मुलांचे गुडघे बहुतेक याच अवस्थेत असतात. ओरखडा म्हणजे स्क्रॅच. कापलं तर कट, आणि खोक पडली, मोठी, खोल, बघवणार नाही अशी, तर गॅश.

मुका मार, काळंनिळं पडणं म्हणजे ब्रूझ. स्पेलिंग बघून 'ब्रुइस' म्हणू नका. डोक्यावरचं टेंगूळ म्हणजे बम्प किंवा लम्प. सूज म्हणजे स्वेलिंग आणि सुजलेलं ते स्वोलन.

पाय मुरगळला याला मात्र तीन शब्द आहेत आणि फिजिओथेरपिस्ट त्यांच्याबाबतीत काटेकोर असतात. ट्विस्ट म्हणजे जे घडलं ते, पाय वाकडा पडला. स्प्रेन म्हणजे त्यामुळे सांध्यातल्या लिगामेंटला, हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला, झालेली इजा. स्ट्रेन म्हणजे स्नायू किंवा स्नायुबंध ताणला जाणं. रोजच्या बोलण्यात त्यालाच 'आय पुल्ड अ मसल' म्हणतात. घोटा आणि मनगट स्प्रेन होतं, मांडी, पोटरी आणि पाठ स्ट्रेन होते. एवढं धरून चाललात तरी सहसा चुकणार नाही. सांधा निखळला तर डिसलोकेटेड.

हाडाबाबत एक गैरसमज अगदी सगळीकडे भेटतो: 'मोडलं नाहीये, नुसतं फ्रॅक्चर आहे.' डॉक्टरांच्या भाषेत फ्रॅक्चर आणि ब्रोकन बोन एकच. बारीक चीर असेल तर 'हेअरलाइन फ्रॅक्चर', पण तेही मोडलेलंच हाड. मी 'नॉट ब्रोकन, ओन्ली फ्रॅक्चर' असं विम्याच्या माणसाला सांगितलं होतं. त्याने ते तसंच उतरवून घेतलं, आणि पुढे तो अर्ज परस्परविरोधी माहितीच्या शेऱ्यासह परत आला.

भाजण्याचे दोन प्रकार. विस्तव, तवा, इस्त्री अशा कोरड्या आचेने झालं तर बर्न. उकळतं पाणी, चहा किंवा वाफेने पोळलं तर स्कॉल्ड. स्कॉल्ड म्हणताना 'कॉ' उघडा ठेवा. तो बंद झाला की 'स्कोल्ड' होतं, म्हणजे रागावणं. चहाने तुम्हाला रागावल्याची नोंद कुणाला नको असते. अंगावर आलेला फोड तो ब्लिस्टर. नव्या बुटाने टाचेला येतो तोही हाच.

जखम भरून येताना धरते ती खपली म्हणजे स्कॅब. खपली पडून गेल्यावर राहतो तो व्रण म्हणजे स्कार. हे दोन उलटसुलट झाले की 'माझा व्रण गळून पडला' असं ऐकणाऱ्याला कळतं.

चावा घेतला तर बाइट, नांगी मारली तर स्टिंग. साप आणि डास बाइट करतात, मधमाशी आणि विंचू स्टिंग करतात.

डोक्याला मार बसून मेंदू हादरला तर कन्कशन. बाहेरून काहीच दिसत नाही आणि माणूस बेशुद्ध पडेलच असंही नाही, त्यामुळे 'मला काही झालं नाही' असं सांगणारा माणूसही कन्कस्ड असू शकतो. हा शब्द क्रिकेट बघणाऱ्यांना नवा नाही: आंतरराष्ट्रीय कसोटीत २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरवता येतो. 'रिटायर्ड हर्ट'ही आपण लहानपणापासून ऐकतो. गंमत म्हणजे तो बोलीतला शब्द आहे. दुखापतीमुळे मैदान सोडलेला फलंदाज परत आला नाही तर नियमांप्रमाणे त्याची नोंद 'रिटायर्ड, नॉट आउट' अशी व्हायला हवी.

५. दुखण्याची जात ओळखा

'पेन' कसं आहे, हा प्रश्न येणारच. त्याला 'व्हेरी पेन' हे उत्तर नव्हे. मी दिलं होतं.

दुखण्याच्या शब्दांवर संशोधकांनीही मेहनत घेतली आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेले आहेत आणि रुग्णाने आपल्याला लागू पडणारे निवडायचे असतात. मुळात रुग्ण कोणता शब्द निवडतो यावरून दुखणं कुठल्या प्रकारचं असेल याचा डॉक्टरला अंदाज येतो. म्हणजे तुमची शब्दसंपत्ती इथे थेट निदानाच्या कामाला येते.

७८ शब्दांची गरज नाही. आपल्या ओळखीच्या दुखण्यांपासून सुरुवात करा:

- ठणकतंय, ठसठसतंय: थ्रॉबिंग. नाडीसारखं ठोक्याठोक्याने.
- कळ येते, इकडून तिकडे धावते: शूटिंग पेन.
- सुरी खुपसल्यासारखं: स्टॅबिंग.
- चुरचुरतंय, झोंबतंय: स्टिंगिंग. जखमेवर औषध लावल्यावरचं. जळजळ असेल तर बर्निंग.
- मंद, सतत, कुठे ते नेमकं सांगता येत नाही असं: डल एक.
- गोळा आला, पेटका आला: क्रॅम्प.
- हात लावला की दुखतं: टेंडर.
- अंग आंबलंय, स्नायू दुखरे झालेत: सोअर.
- मुंग्या आल्यात: पिन्स अँड नीडल्स, किंवा टिंगलिंग.
- बधिर झालंय: नम. शेवटचा 'बी' लिहायचा, म्हणायचा नाही.
- मान आखडली, उसण भरली: स्टिफ नेक, अ क्रिक इन द नेक.

यातल्या 'एक'वर थोडं थांबते. उच्चार आपल्या आकड्यातल्या एकसारखाच, स्पेलिंगमधला 'सीएच' फसवा. पूर्वी इंग्रजीत क्रियापद 'के' लावून लिहिलं जाई. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या शब्दकोशात हा शब्द ग्रीकमधून आला असं समजून 'सीएच'ची बाजू घेतली. तो समज चुकीचा होता, पण स्पेलिंग तेच टिकलं. हा शब्द ठरावीक अवयवांनाच चिकटतो: हेडेक, टूथेक, बॅकेक, इअरेक, स्टमकेक, आणि मनासाठी हार्टेक. 'लेगेक', 'हँडेक' हे शब्द नाहीत. तिथे 'माय लेग एक्स' म्हणा. घशाला तर एक चालतच नाही, तिथे 'सोअर थ्रोट'.

किती दुखतंय, हे शून्य ते दहा या पट्टीवर विचारतात. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. आपल्याकडे सोसण्याचं भारी कौतुक, म्हणून आठ असताना पाच सांगायचा मोह होतो. पाच सांगितलंत तर पाचाचंच औषध मिळेल.

६. डॉक्टरकडे किंवा अर्ज भरायला जाताना

सोबत हे असू द्या:

- ओळखपत्र आणि विमा असेल तर त्याचे कागद
- चालू औषधांची नावं आणि मात्रा, लिहून
- ॲलर्जी असेल तर तिची नोंद
- धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते. जखम उघडी असेल तर हे विचारतातच, आणि त्याला इंग्रजीत टेटनस शॉट म्हणतात
- आधीचे एक्स-रे किंवा रिपोर्ट
- कधी, कुठे, कसं झालं याची चार ओळींची टिपण

अर्जात दोन रकाने शेजारी शेजारी असतात आणि तिथे हमखास घसरायला होतं. 'नेचर ऑफ इंजुरी' म्हणजे दुखापतीचा प्रकार: 'स्प्रेन्ड रिस्ट', 'कट ऑन द लेफ्ट नी'. मी तिथे 'ॲक्सिडेंटल' लिहून आले होते. ती माहिती 'कॉज' किंवा 'हाउ डिड इट हॅपन' या रकान्यात जाते.

घडलं कसं हे सांगताना पडल्याची रीत सांगा. 'आय स्लिप्ड' म्हणजे घसरले, 'आय ट्रिप्ड' म्हणजे अडखळले. मराठीत आपण दोन्हीला 'पडले' म्हणून सोडून देतो. डॉक्टरला मात्र तुम्ही कशावर आदळलात हे हवं असतं. मी 'आय लँडेड ऑन माय आउटस्ट्रेच्ड हँड' असं म्हणाले तेव्हा समोरच्या तरुण डॉक्टरने कागदावर चटकन चारपाच अक्षरं लिहिली. पडताना पुढे केलेल्या हातावर भार येणं इतकं नेहमीचं आहे की त्यांनी 'फॉल ऑन आउटस्ट्रेच्ड हँड' यातली अक्षरं जोडून 'फूश' असा शब्दच करून ठेवलाय. मनगटाची कित्येक हाडं तशीच मोडतात.

सापळा. ब्रिटनमध्ये 'प्लास्टर' म्हणजे बोटाला लावायची चिकटपट्टीही असते. मोडलेल्या हाताला घालतात ते 'कास्ट' किंवा 'प्लास्टर कास्ट'. हात गळ्यात अडकवतात ती झोळी म्हणजे 'स्लिंग'. 'आय नीड अ प्लास्टर' म्हटल्यावर कुणी एवढीशी पट्टी काढून दिली तर चिडू नका.

७. मनाला लागलं असेल तर

इथे सगळ्यांत जपून. हाडाबद्दल चुकीचा शब्द गेला तर एक्स-रे तो दुरुस्त करतो. मनाचा एक्स-रे निघत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याने एकदा निरोप पाठवला: 'आय वॉज क्वाइट हर्ट येस्टरडे.' मी धावत जाऊन विचारलं, कुठे लागलं, डॉक्टरकडे गेलास का? तो माझ्याकडे बघतच राहिला. आदल्या दिवशी बैठकीत मीच त्याचं बोलणं मध्ये तोडलं होतं.

फरक ओळखायची एक युक्ती आहे: हर्टच्या आधीचं क्रियाविशेषण बघा. 'बॅडली हर्ट', 'सिरिअसली हर्ट' म्हणजे शरीराला. 'डीपली हर्ट' म्हणजे मनाला. 'हर्ट बाय व्हॉट यू सेड' असं पुढे काही असेल तर प्रश्नच मिटला. 'शी इज हर्टिंग' असं नुसतं म्हटलं तर बहुतेक वेळा ती आतून दुःखात आहे असा अर्थ. इंजर्ड मनासाठी जवळपास वापरत नाहीत, 'इंजर्ड प्राइड' सारखे दोनचार ठरीव प्रयोग सोडले तर.

पुढे छटा. अपसेट म्हणजे अस्वस्थ, खट्टू, रडवेलं; कारण काहीही असू शकतं. ऑफेंडेड म्हणजे अपमान वाटला, मर्यादा ओलांडली गेली असं वाटलं. त्यात दुःखापेक्षा राग जास्त. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे 'ठेच लागणं'. म्हणून मित्र दूर गावी निघून गेला तर तुम्ही हर्ट किंवा अपसेट व्हाल, ऑफेंडेड नाही. इन्सल्टेड याहून थेट: कुणीतरी अपमान केलाच. स्टंग म्हणजे बोलणं झोंबलं. जिव्हारी लागलं याला कट टु द क्विक छान बसतं. 'क्विक' म्हणजे नखाखालचं जिवंत मांस. आपण वर्मी घाव म्हणतो, ते नखाखाली बोट घालतात.

हार्टब्रोकन प्रेमभंगालाही आणि जवळचं माणूस गेल्यालाही. डेव्हस्टेटेड म्हणजे पार कोलमडलेला. ट्रॉमटाइझ्ड हा शब्द हल्ली वाट्टेल तिथे फेकला जातो. ग्रीकमध्ये ट्रॉमा म्हणजे जखमच, आणि रुग्णालयातला 'ट्रॉमा वॉर्ड' अजूनही शरीराच्या गंभीर इजांसाठी असतो. परीक्षा अवघड गेली म्हणून आपण ट्रॉमटाइझ्ड होत नाही. ज्याने खरोखर काही भयंकर सोसलंय त्याच्यासमोर तर हा शब्द अजिबात उधळू नका.

शरीराचे शब्द मनाकडे उसने जातात ते बहुतेक आपल्यासारखेच. 'ब्रूझ्ड ईगो' म्हणजे अहंकाराला मुका मार. 'सोअर पॉइंट' म्हणजे दुखरी नस. 'रब सॉल्ट इन द वूंड' म्हणजे जखमेवर मीठ, शब्दशः. 'ओपन ओल्ड वूंड्स' म्हणजे खपली काढणं. इथे वूंड खुशाल वापरा, मनाच्या जखमेला हल्लेखोर कोण असं कुणी विचारत नाही. 'लिक वन्स वूंड्स' म्हणजे हरल्यावर कोपऱ्यात जाऊन जखमा चाटत बसणं. 'सोअर लूझर' तेवढा फसवा आहे: ज्याला हार पचत नाही असा चिडका माणूस. तो शिवीच्या जवळ जातो, सहानुभूतीचा नाही.

आणि उत्तर. समोरचा 'दॅट हर्ट' म्हणाला आणि चूक तुमची असेल तर 'आय ॲम सॉरी आय हर्ट यू.' 'सॉरी इफ यू वर ऑफेंडेड' असं म्हणू नका. त्या 'इफ'मुळे चूक तुमच्यावरून त्याच्यावर जाते आणि इंग्रजी कान हे लगेच पकडतात. दुसऱ्याच कुणामुळे लागलं असेल तर 'आय ॲम सॉरी टु हिअर दॅट', इथे सॉरी म्हणजे माफी नव्हे, 'वाईट वाटलं'. सॉरी हा शब्द मुळात 'सोअर'च्याच घराण्यातला आहे, 'सॉरो'च्या नाही.

८. कायदा आणि बातम्या वाचताना

थोडक्यात, कारण हे रोज लागत नाही. इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्यात 'ॲक्च्युअल बॉडिली हार्म' (प्रत्यक्ष शारीरिक इजा), 'ग्रीव्हस बॉडिली हार्म' (गंभीर शारीरिक इजा) आणि 'वूंड' हे वेगवेगळे आहेत. १९८० च्या दशकातल्या एका निकालात छऱ्याच्या बंदुकीने डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊनही तो 'वूंड' धरला गेला नाही, कारण कातडी आरपार फाटलेली नव्हती. म्हणजे आपला दुसरा प्रश्न तिथे वकिलांनाही विचारावा लागतो.

बातमीत कॅज्युअल्टीज दिसलं की लगेच 'मृत' असं भाषांतर करू नका. लष्करी वापरात त्यात मृत, जखमी, बेपत्ता सगळे येतात. मृतांसाठी 'फेटॅलिटीज' असा वेगळा शब्द आहे. आणि 'वॉकिंग वूंडेड' म्हणजे स्वतःच्या पायांनी चालू शकणारे जखमी, ज्यांना मोठ्या दुर्घटनेत थोडं थांबवून आधी इतरांना बघतात.

'क्रिपल', 'लेम' हे शब्द जुन्या पुस्तकांत भेटतील. माणसांसाठी ते आता वापरत नाहीत. 'लेम' घोड्याला चालतं.

९. सराव: स्वतःचं जुनं दुखणं सांगा

यादी पाठ करून काही होत नाही. तुम्हाला कधी ना कधी लागलेलं आहेच. ते पाच वाक्यांत इंग्रजीत सांगा, फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. क्रम असा: काय केलं, कशावर पडलात, कशाला काय झालं, दुखणं कसं होतं, आता काय उरलंय. माझी पाच वाक्यं देते, त्यातले अवयव आणि क्रियापदं बदलून घ्या.

'आय स्लिप्ड ऑन अ वेट स्टेअर.'

'आय लँडेड ऑन माय आउटस्ट्रेच्ड हँड.'

'आय ग्रेझ्ड माय नी अँड फ्रॅक्चर्ड माय रिस्ट.'

'द रिस्ट वॉज स्वोलन अँड थ्रॉबिंग, बट द नी स्टंग मोअर.'

'द रिस्ट इज फाइन नाउ. देअर इज अ स्मॉल स्कार ऑन द नी.'